डावा कोपरा

मला चेहरे आठवत नाहीत. घोटे आठवतात.

सेलूच्या त्या बुटक्या पोराचा घोटा,
हाड बोरासारखं वर आलेलं, तेल लावल्यागत निसटणारं.
औशाच्या मास्तराचा जाड,
दोन्ही पंजे लावले तरी वितभर उरायचा.
आणि किनवटच्या वाजिदचा,
आतल्या अंगाला विळ्यासारखा व्रण.

चौदा वर्षं मी डाव्या कोपऱ्यात वाकून उभा राहिलो.
भाड्यानं. ज्याची जर्सी त्याचा मी.
शुक्रवारी पाथरीचा, रविवारी गंगाखेडचा,
एकदा तर एकाच रात्री दोन गावांचा,
मधल्या वाटेवर जीपमध्ये कपडे बदलून.
निवेदक वहीत बघून नाव घ्यायचा:
मुंजाजी, मुंजाराम, कधी नुसतंच ‘पाहुणा खेळाडू’.
सामने कुणाच्या तरी वाढदिवसाचे.
ज्याचा वाढदिवस तो बॅनरवर हात जोडून हसायचा,
बक्षीस वाटायला त्याचा मेहुणा यायचा.

सामन्याला आठशे. जिंकलो तर हजार.
बोट मोडलं तर ज्याचं त्यानं बघायचं.
करंगळी मानवतला मोडली,
तिच्या शेजारचं परतूरला,
तिसऱ्याचं गाव ध्यानात नाही, हॅलोजनवर किडे फार होते.

साठ किलोच्या गटासाठी दोन दिवस पाणी सोडायचो,
तोंडात चिंचोका धरून थुंकत हिंडायचो,
काट्यावर चढताना करदोडासुद्धा काढून ठेवायचो.
वजन झालं की डझनभर केळी,
आणि लगेच मैदान.

एकदा पुण्याला चाचणीला बोलावलं.
खाली निळी मॅट. म्हणाले, बूट घाला.
माझा जन्म मातीत अनवाणी गेलेला.
कुणाचे तरी मागून घेतले, एक नंबर मोठे.
पहिल्याच चढाईला बूट पुढं गेला,
मी मागं राहिलो.
पहाटे परभणीला उतरलो.
आई म्हणाली, झालं का?
म्हणलं, झालं.

मग जिंतूरची फायनल.
शेवटची चढाई, एका गुणाचा फरक, आम्ही पुढं.
वाजिद आला, दम घुमवत, डोळे भलतीकडं,
पाय माझ्याकडं.
मी घेतला.
दोन्ही हातांत तो व्रण, आणि तो मध्यरेषेकडं
कणकेसारखा लांबत चाललेला.
माझ्या तळहाताखाली काहीतरी वाजलं.
वाळलेली काडी मोडावी तसं, बारीक.
बाहेर पाच हजार माणूस बोंबलत होतं,
ते फक्त मला आणि त्याला ऐकू गेलं.

लोक म्हणतात, निसटला.
निसटला म्हणू द्या.
गावानं आठशे परत मागितले. दिले.
त्यानंतर फोन कमी येत गेले,
मग ज्याच्या फोनवर यायचे तो फोनच पडला बैलगाडीखाली.

आता बाहेती शेठच्या चप्पल-बुटांच्या दुकानात आहे,
परभणीत, स्टँडच्या मागं.
खाली बसायचं, पाय मांडीवर घ्यायचा,
टाच पट्टीला लावायची. 
काम अंगवळणी पडायला एक दिवससुद्धा लागला नाही.
तीन वाकडी बोटं बघून गिऱ्हाईक विचारतं,
मी सांगतो, दारात सापडली.

परवा एक जण आला. पोट सुटलेलं, दाढी पांढरी,
सोबत परीक्षेला आणलेला पोरगा.
आठ नंबर दाखवा, म्हणाला, आणि पाय पुढं केला.
मी मोजा खाली सरकवला.
विळा.

किती वेळ धरून बसलो ठाऊक नाही.
“सोडा की दादा,” तो म्हणाला, हसत.
सोडला.
बूट चढवला, नाडी बांधली, म्हणलं, चालून बघा.
आरशापर्यंत गेला, आला.
त्या पायावर भार थोडा कमी.
“चावतोय का?”
“नाही हो. ते जुनं आहे.”

मग साडेसातशेचे सातशे करा म्हणून अडून बसला.
शेठ कुणाला रुपया सोडत नाही.
मी गल्ल्याजवळ जाऊन हळूच सांगितलं,
पन्नास माझ्या पगारात धरा.