बी वाजेपर्यंत

मेयोत मी रोज साठ-सत्तर हात दाबून बघते.
शीर दिसत नसली तरी बोटाला कळते,
थोडी उचलून येते, जरा सरकते,
मग सुई.
बोट माझं सहसा चुकत नाही.

मानेवाड्याला गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या बादलीत
भिवापुरी मिरचीचं एकच झाड.
तिथं मात्र हेच बोट अडाणी.

पहिली मिरची दिवाळीच्या आत तोडली.
कोवळी, पोपटी, काकडीसारखी पचपचीत.
वरणात गेली, वरणाला पत्ता नाही.
दुसरी ओढली तर फांदीच हातात आली,
फांदीवर चार फुलं आणि एक मुंगी.
ती फांदी मी आठ दिवस ग्लासात ठेवली,
कुणाला न सांगता.

खालच्या मजल्यावर यादोराव निनावे.
कळमन्यात तीस वर्षं काटा धरला त्यांनी.
कठडा धरत धरत वर आले,
झाडाकडे धड बघितलंसुद्धा नाही.
देठ अंगठ्यावर घेतलं, वर मोडलं.
टक्.
"हिरवी पाह्यजे असंन त असा आवाज आला पाह्यजे.
खाली नाही ओढाव. लेकरू उचलते तसं उचलाव."
आणि लाल?
"लालले घाई करूच नको बाप्पा.
रंग त लबाड असते. बी वाजू दे."

मग मी थांबले.
मार्गशीर्षात खांद्याशी तपकिरी झाल्या,
सुईनंतर दुसऱ्या दिवशी हातावर उमटतो तसा डाग.
एका बाजूनं लाल, एका बाजूनं अजून विचारात.
थंडी आठवर उतरली त्या रात्री
बादलीला गोणपाट गुंडाळलं.
संक्रांतीला कटलेला पतंग झाडात अडकला,
तीन पोरं धापा टाकत वर आली.
मी आधी मिरच्या मोजल्या. अकरा.
मग पतंग दिला.

रविवारी तोडायच्या, ठरलं.
शनिवारी ड्यूटीला निघताना बघते तर
बुलबुल.
लाल तेवढी बरोबर टोचत होता,
हिरव्या बाजूला चोचही न लावता.
त्याला तिखट लागत नाही म्हणतात.
त्याला रविवारही लागत नसावा.
सात गेल्या.

उरलेल्या चारातल्या तीन तोडल्या, वर उचलून.
चौथी झाडावरच आहे, सुरकुतलेली.
काल यादोराव कान लावून उभे राहिले,
मान हलवली.
हो की नाही, कळलं नाही.
कानाचं मशीन खालीच राहिलं होतं.

तिन्हींचा ठेचा केला. हात तीनदा धुतले,
तरी सोमवारी हातमोज्याच्या आत
बोटं चुणचुणत होती.
पहिल्याच पेशंटचा हात दाबला.
शीर होती तिथंच होती.
"मॅडम, काय झालं?"
काही नाही, म्हटलं,
उचलून येऊ द्या.