इतर कारणे

आमच्या बेटावरची धावपट्टी दिवसातून दोनदा बुडते.
मुख्य भूमीवरचे वैमानिक हे ऐकून हसतात,
मी थट्टा करत नाही हे कळल्यावर
भरतीचं वेळापत्रक मागून घेतात.
पंचांगासारखं ते आमच्या खिशात असतं:
पाणी कधी उतरणार, वाळू कधी घट्ट होणार,
शिंपले वेचणाऱ्या बायका कधी बाजूला होणार.

त्या गुरुवारी सगळं जुळलं होतं.
ओहोटी, नैऋत्येचा वारा, ढग बाराशे फुटांवर.
मागे नऊ माणसं, एक सायकल,
वाचनालयाची चार खोकी,
आणि मोतीबिंदू काढून परतणारा म्हातारा टॉर्कल.
एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्यावर, डॉक्टर म्हणाले होते,
फार विसंबू नका.
त्या दुसऱ्यानेच आधी पाहिलं.
"तो खडक कधी आला तिथे?"
आमच्या विमानात मागे दार नसतं, सगळं ऐकू येतं.

खडकाने शेपूट हलवली.

मग रेडिओवर लाखलन.
मनोऱ्यात तोच, सामान उतरवायला तोच,
आग लागलीच तर विझवायलाही तोच.
"धुकं आत्ता उठलं," तो म्हणाला,
"बायकांना आधी नुसता श्वास ऐकू येत होता.
धावपट्टीवर देवमासा आहे. जिवंत."
मग बराच वेळ खरखर.
"माझी मुलगी त्याच्या डोक्याशी बसली आहे.
उठत नाही म्हणते."

बाकीच्या दोन पट्ट्यांपैकी एकीवर अजून पाणी,
दुसरीवर वारा आडवा, चाकं टेकू देणार नाही असा.
आम्ही तीनशे फुटांवरून एक फेरी मारली.
शाळेतली पोरं, बादल्या, ओल्या चादरी,
कुणी फावड्याने समुद्राकडे चर खणत होतं
आणि चर मागोमाग ढासळत होता.
आमचा आवाज डोक्यावर आला
तेव्हा कुणी पळालं नाही.
सगळे त्याच्यावर ओणवे झाले,
पावसात माणूस पोत्यावर होतो तसे.

त्याला हवं ते पाणी अडीच तासांवर होतं.
आम्हाला नको ते पाणीही अडीच तासांवर.
पाणी एकच.

मर्डिनाने एवढंच विचारलं, "किती उरते?"
मी म्हणालो, "तीनशे चाळीस मीटर. उतरू शकतो."
"शकतो," ती म्हणाली.
तराजूला अंगठा न लावता मासळी तोलावी
तसा तो शब्द तिने तोलला
आणि हात वर नेऊन दोन्ही इंजिनांना जोर दिला.

शेजारच्या बेटावर डांबर आहे. कंटाळवाणं, कोरडं डांबर.
माणसं कुरकुरली: बस, मग फेरीबोट, मग पुन्हा बस,
घरी पोहोचायला रात्रीचे दहा.
सायकलवाला सायकलवर बसून निघूनही गेला.
टॉर्कल मात्र जिन्याशी थांबला.
"शेपूट मी खरंच पाहिली ना?"
"पाहिलीत."
तेवढ्यावर तो खूश होऊन बसकडे गेला.

विमान वळवलं की फॉर्म भरावा लागतो.
धुकं. वारा. भरती. बिघाड. प्रवाशाची प्रकृती. इतर.
मर्डिनाने 'इतर'वर खूण केली.
तपशिलाला जागा दोन बोटं.
तिने लिहिलं: धावपट्टी मोकळी नव्हती.
पेन थांबलं.
मग खाली, कुणी विचारलं नसताना:
मोकळी करा असं आम्ही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पन्नास मिनिटं उशिरा उतरलो,
चंद्राच्या हिशोबाने.
वाळू सपाट. खूण नाही, चर नाही.
"पाणी आलं तेव्हा अंधार पडला होता," लाखलन म्हणाला,
"मग तो नव्हता.
पोहत गेला की वाहत गेला, काय सांगू."

तिसऱ्या खांबापाशी आम्ही दोघांनीही श्वास धरला होता.
चाकाखाली काहीच जाणवलं नाही.
जाणवायला हवं होतं, असं वाटत राहिलं.

मनोऱ्याच्या पायरीशी एक पिवळी बादली होती,
अर्धी भरलेली, वर बर्फाचा पापुद्रा.
लाखलनने आधी खोकी उतरवली, मग ती उचलली.
पाणी ओतून टाकलं नाही.
तशीच आत नेली.