नुसतं विचारलं होतं

स्वोल्वेरच्या बंदर कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर
हीटरला चिकटून माझं टेबल.
बाहेर लाकडी मांडवांवर कॉड वाळतोय,
खिडकी लावली तरी वास आत येतो,
त्याला पासवर्ड लागत नाही.

स्क्रिप्ट पर्लमधली, माझ्याआधीची.
लिहिणारा सिगबियोर्न आता मेंढ्या पाळतो.
जाताना एकच टीप ठेवून गेला:
इथे हात लावू नये.
मी हात लावते, पगार त्याचाच आहे.

बोटीच्या कप्प्यात वर्षं,
वर्षाच्या कप्प्यात महिने,
महिन्याच्या तळाशी किलो.
तसं पाहिलं तर कप्प्यात वर्षं नसतातच,
ती कुठे ठेवलीत त्याचा नुसता पत्ता असतो.
पहिल्याच आठवड्यात मी यादीची नक्कल केली,
नकलेत खाडाखोड केली
आणि मूळ यादी कोरी झाली.
पत्ता दोनदा उतरवला
म्हणून घरं दोन होत नाहीत.

गुरुवारी आर्नफिन आला. बुटांतून पाणी गळत होतं.
बापाची बोट, 'स्यार्ना'. त्र्याऐंशीचा मार्च.
किती मासळी उतरवली होती, सापडेल का?
मी एक ओळ टाइप केली.
मागितलं काही नाही, भरलं काही नाही,
आहे का, एवढंच विचारलं.
उत्तर आलं: नाही.
"मग नसेल," म्हणाला. टोपी घातली. जिना उतरला.

संध्याकाळी अहवालात बोटी दोनशे बारा.
सकाळी दोनशे अकरा होत्या.

शोधत गेले तर
'स्यार्ना', तिच्यात १९८३, आणि त्यात
काही नाही.
तिसऱ्या कप्प्याची चौकशी करायची
तर आधीचे दोन उघडायला हवेत,
आणि ते नव्हते, म्हणून भाषेने ते केले.
गुपचूप. पाहुण्याला
दार नाही म्हणून परत पाठवणं
तिच्या स्वभावात नाही.

आता पायरीपायरीने विचारते.
बोट आहे? असली तर वर्ष.
वर्ष असलं तरच महिना.
नसेल तिथे थांबायचं, पुढे बोलायचं नाही.
रिकामी 'स्यार्ना' पुसली. दोनशे अकरा.
चारच्या आत अहवाल बोडोला गेला.

सोमवारी आर्नफिन पुन्हा.
बिस्किटांच्या डब्यातून त्याने काढली
तेलाने पारदर्शक झालेली एक पावती,
हेनिंग्सवेरचा शिक्का, तारीख, सही,
सहाशे चाळीस किलो.
"आईच्या शिवणाच्या सामानात होती," म्हणाला,
"तुम्ही विचारलंत, म्हणून मीही घरी विचारलं."

या वेळी कप्पे मी केले, एकेक करून,
आणि तळाशी आकडा ठेवला.
मग बोडोला दुरुस्तीचं पत्र:
बोटी, दोनशे बारा.
कारणाच्या रकान्यापाशी बराच वेळ थांबले.
शेवटी लिहिलं:
चौकशी झाली.