सोडा पाण्यात सोडा

शेवटच्या रविवारी बारचं शटर ओढलं
तेव्हा कढईत तीन किलो तेल उरलं होतं.
तेल आठवड्याचंच,
वास मात्र एकतीस वर्षांचा.
मोरीत ओतणार, एवढ्यात
विसितासिओन जिन्यावरून ओरडली,
"फुल्हेन्सियो, थांब! साबण कर त्याचा."

मला साबण येत नाही. मला मासे तळता येतात.
"तेच की," ती म्हणाली, "फक्त विस्तव नको."

आधी गाळणं. जुन्या टेबलक्लॉथमधून, दोनदा:
जळकं पीठ, काळी कणी,
बोकेरोन माशाचं एक आरपार दिसणारं खवलं.
मग मी ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं
आणि तिनं ते माझ्यासकट परत पाठवलं.
"सोडा खाईल त्याला. स्टीलचं आण."
खिडक्या उघडल्या. लेवान्ते वारा घरात घुसला,
कॅलेंडरची पानं एकदम डिसेंबरवर गेली.
हातमोजे माझे. चष्मा मुलीचा,
पोहण्याचा, जांभळा.
ती आता श्टुटगार्टला बसगाड्या दुरुस्त करते.

कोळंबी तोलायच्या काट्यावर सोडा तोलला:
तीनशे पंच्याऐंशी ग्रॅम.
विसितासिओन म्हणे अर्धा किलो,
तिची आई तेवढाच घालायची.
"आणि आईच्या साबणानं काय व्हायचं?"
"हातांची सालं निघायची," म्हणाली,
आणि काट्याकडे बघत गप्प बसली.

"आता नीट ऐक. पाण्यात सोडा.
सोड्यात पाणी कधीच नाही.
उलटं केलंस तर उसळून तोंडावर येईल."
सोडा पाण्यात सोडला.
चूल नाही, काडी नाही,
पाणी आपलं आपणच तापलं.
वाफेकडे पाठ करून उभे राहिलो दोघं.
निवेपर्यंत करायचं काय,
म्हणून उधारीची वही काढली.

सालुस्तियानो, जाळी विणणारा: बासष्ट युरो.
शाळेतली एवारिस्ता: नऊ, शिवाय माझी छत्री.
जुळे भाऊ, कोण कोणता ते कळत नाही
म्हणून एकाच रकान्यात: एकशे चार.
कासिमिरो: अकरा युरो वीस सेंट.
तो मार्चमध्ये गेला.
"पाणी सोड आता त्याच्यावर," ती म्हणाली.
"आधी पाणी, मग सोडा. तूच सांगितलंस."
ती हसली नाही.

मग ढवळणं. तेलात ते पाणी, बारीक धारेनं,
एकाच दिशेनं. दिशा बदलली तर फाटतं म्हणे.
तिचं लक्ष नसताना मी बदलून पाहिली.
फाटलं नाही.
पाऊण तास. खांदा भरून आला.
रंग आधी बिअरचा, मग कॉफीत दूध जास्त झाल्यासारखा,
आणि काठी उचलली तेव्हा
तिच्यावरून गळलेली रेघ
वरच्यावर राहिली. बुडाली नाही.
होडीमागचा माग समुद्र लगेच पुसतो,
इतकी वर्षं बारच्या दारातून तेच पाहत आलो.
"हं," विसितासिओन म्हणाली.
याहून जास्त कौतुक ती कुणाचं करत नाही.

दुधाच्या खोक्यांत ओतलं,
वर बारचे जुने टॉवेल पांघरले.
दुसऱ्या दिवशी तारेनं वड्या पाडल्या.
मग चाळीस दिवस फळीवर,
एकीचं अंग दुसरीला न लागू देता.
रोज जाऊन बघायचो.
बघण्यासारखं काही नसायचं.

चाळिसाव्या दिवशी वही फाडली,
प्रत्येक वडी ज्याच्यात्याच्या पानात गुंडाळली
आणि दारोदार फिरलो:
घ्या, हात धुऊन घ्या.
एवारिस्तानं छत्री परत केली, एक काडी मोडलेली.
जुळ्यांपैकी एकानं दोघांची घेतली.
कासिमिरोची मी बारच्या मागच्या बेसिनवर ठेवली.
तिथून तो कधीच हात धुऊन बाहेर आला नाही.

सालुस्तियानो तीन आठवड्यांनी वडी घेऊन दारात.
"हिला बोकेरोनचा वास येतो."
हुंगली. येत होता.
"दुसरी आहे का?" त्यानं विचारलं.
त्याच्या तळव्यावर उरली होती ती
नखाएवढी.