साडेसहा

वानवडीच्या अंगाला, कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर
आम्ही दोघं: मी, शरीररचनेचा निवृत्त मास्तर,
आणि बालरोगाच्या खांबेटे बाई.
टेबलावर मऊ पडलेली बिस्किटं.
समोर एक खुर्ची, तिच्यात दर बारा मिनिटांनी
नवं कुणीतरी.

"डॉक्टर का व्हायचंय?"
सकाळपासून एकोणीस जणांना सेवा करायची होती.
त्यातल्या अकरा जणांचे आजोबा
वेळेवर उपचार न मिळाल्याने गेले होते.
क्लासवाले आजोबा पुरवतात, बाई हळूच म्हणाल्या.

विसावा इंदापूरचा. जमीर आत्तार.
बुटांवर स्वारगेटच्या खोदकामाची धूळ.
प्रश्न ऐकून माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
"सर, घड्याळ बंद पडलंय.
काटा उडतोय, पन सरकत न्हाई."

मी लिहिलं: चार. लक्ष नाही, आगाऊ.
बाईंनी लिहिलं: नऊ. बघतो.

एकच मुलगा, एकच खोली, तीच बारा मिनिटं.
कारकुनाने बेरीज केली, दोनाने भागलं,
यादीत साडेसहा चढला.
हा साडेसहा आम्हा दोघांपैकी
कुणालाच कधी भेटला नव्हता.

प्रतीक्षायादी.
मग तेही नाही.

चाळीस वर्षं मी प्रेतांवर शिकवलं.
ती बरी. त्यांना आजोबा नसतात.
हृदय उजवीकडे निघालं एखाद्याचं,
तर ते उघडल्यावर कळतं, आधी नाही.
इथे मी काय उघडलं?
टाय बघितला. बूट बघितले.
आणि खरं सांगायचं तर
एक गुण त्या 'पन'मध्ये गेला,
कदाचित दोन.

मागच्या महिन्यात जुने तक्ते काढले, नावं झाकून,
पुन्हा गुण दिले. माझेच, मलाच जुळेनात.
एकीला तेव्हा 'शांत' लिहिलं होतं,
आता तेच टिपण वाचून 'निरुत्साही' सुचलं.

तरी यंदा समितीचं पत्र आलं, आणि मी गेलो.
घड्याळात नवा सेल. कुणी घातला,
शिपायाला माहीत नाही.
पहिली मुलगी आत आली, बसू का म्हणाली.
मी पेनऐवजी पेन्सिल काढली.
बाईंनी मान किंचित वळवली
माझ्या कागदाकडे,
आणि मी तो हाताने झाकला,
पेपर लिहिताना पोरं झाकतात तसा.