नाक वाऱ्याकडे

केळशीला सुरूच्या बनात टेम्पो लावला होता.
आत दोन बाकांची खाट, शेगडी,
बाहेर सुधन्वाने हौसेने ताणलेलं निळं छत.
दुपारी हुसेनमियाँ मुकादम आले,
बघत राहिले चाकांकडे, आमच्याकडे नाही.
“सुरूखाली निजतं काय कुणी? मुळं वाळूत त्याची.
छत उतरवा. टाकी भरून घ्या, वजन तळाला हवं.
गॅस बंद. आणि गाडीचं नाक वाऱ्याकडे,
होडीचं करतो तसं.
कुशीवर वारा घेऊ नये.”

शाळेच्या गडग्याआड सरकलो.
चाकांना चिरे लावले.
त्यांनी कुठूनसा दोर आणला,
चासीतून ओवून ओट्याच्या कडीला आवळला.

रात्री नऊला पत्रा बोलू लागला.
डब्यातले चमचे आपोआप वाजत.
सुधन्वा म्हणत होता, धरलंय, बघ, धरलंय,
आणि मला एकही स्तोत्र आठवेना,
मी गाडीचा नंबर पुटपुटत होते.

मग दारावर थाप, विजेरी.
“गाडी राहील. माणसं चला.”

चौथीच्या वर्गात, बुटक्या बाकांवर,
एकोणतीसच्या पाढ्याखाली
पहाट झाली.

सुरू आडवा पडला होता,
कालच्या आमच्या चहाच्या जागेवर.
टेम्पो उभा. आरसा तेवढा गेला.
हुसेनमियाँ गाठ सोडू लागले,
दोराला मासळीचा वास होता, तेव्हा कळलं.
“होडी?”
त्यांनी हनुवटीने खाडीपलीकडे दाखवलं:
चिखलात कललेली,
एकाच दोराची.
“आणू भरतीला,” म्हणाले,
आणि वेटोळं खांद्यावर टाकलं.