तमर हिंदी

समुद्रातलं मीठ काढून टाकणं
हे माझं काम.
बरक्याच्या कारखान्यात बारा बारा तास
पाणी गाळतो आम्ही,
इतकं गोड करतो की
त्याला चवच उरत नाही.

घरी आलो तर देवीच्या कानात हिरवं.

चार बोटांची अन्नपूर्णा, पितळेची.
आधी वृंदाच्या आईची,
मग गौरीहरावर वृंदानं पुजलेली.
हातातली पळी तेव्हाच जराशी वाकडी होती म्हणे.

मुलाच्या दहावीसाठी वृंदा चिपळूणला गेली
तेव्हा फ्रिजवर यादी चिकटवून गेली:
सिलिंडर, विजेचं बिल, तुळशीला सावली,
आणि सगळ्यांत खाली, ‘तिला कोरडं ठेव.’
एवढंच.
कशानं, कसं, किती वेळा, काही नाही.
एकोणीस वर्षं ती करत होती
तर मी बघितलं असेल, असं तिनं धरून चाललं.
मी फक्त नमस्कार करायचो.

मग मी कारखान्यातल्या माणसासारखा विचार केला.
लिंबू, व्हिनेगर, वर मूठभर मीठ
(हो, मीठ, मीच घातलं)
आणि रात्रभर बुडवून ठेवली.
सकाळी निघाली ती गुलाबी.
भाजून नवी कातडी आलेल्या हातासारखी.
दुसऱ्याच कुणाच्या घरची.

वृंदाला फोन केला. सांगितलं नाही.
विचारलं, भूमिती जमते का त्याला आता.
ती म्हणाली, आज मार्गशीर्षातला गुरुवार, दिवा लावलास?
लावला होता, खरंच.
उजेडात गुलाबी जास्तच दिसत होतं.

मत्रहच्या बाजारात, लोबानवाल्यांच्या मागच्या बोळात
एक म्हातारा कॉफीच्या दल्ला घासतो,
त्या लांब चोचीच्या सुरया.
मी रुमालाची गाठ सोडली.
त्यानं हात पुढे केला नाही.
नजरही वळवली नाही.
कोण ही, विचारलं.
माझी अरबी सुपरवायझरपुरती.
‘जेवायला घालणारी,’ म्हटलं.
त्यानं पळीकडे बघून मान हलवली,
असं एक माणूस त्याच्याही घरी असल्यासारखी.

मग स्वतःची एक दल्ला मांडीवर घेतली
आणि मला कळावं म्हणून तिच्यावर हात चालवला:
चिंचेचा कोळ, बोटावर मावेल एवढा.
चिमूटभर चाळलेली राख.
घड्याळाकडे नाही, रंगाकडे बघायचं.
लगेच पाणी, मग जुनं सुती कापड,
आणि कोरडं, कोरडं, कोरडं.
चिंचेचा गोळा नाचवत म्हणाला, तमर हिंदी.
हिंदुस्थानचा खजूर.
तुमच्याच गावचा, आणि तू लिंबू घेतलंस?

जाताना नाव विचारलं. खमीस.
म्हणजे गुरुवार.
मी हसलो. का, ते सांगण्याइतकी अरबी नव्हती.
चिंचेचे दोनशे बैसे मात्र त्यानं मोजून घेतले.

रात्री तिला मांडीवर घेऊन बसलो.
इतक्या जवळून पहिल्यांदाच.
नाक जवळजवळ नाही. डोळे म्हणजे दोन अंदाज.
उजव्या गालावर एक खोलगट, गुळगुळीत जागा,
माझ्या अंगठ्याला लहान पडणारी.
वृंदाचा अंगठा. त्याआधी तिच्या आईचा.
म्हणजे जपता जपता
या दोघींनीच तिचा चेहरा पुसत आणला,
आणि दर वेळचं ते काळं पाणी
तुळशीत ओतलं.

मीही ओतलं.

गुलाबी पुरतं गेलेलं नाही.
कानामागे आहे, पळीच्या दांड्यावर आहे.
वाटीतले तांदूळ बदलले, जुने
गच्चीवरच्या पारव्यांना टाकले.

मार्चअखेर वृंदा येईल.
चपलाही न काढता आधी तिच्याकडे जाईल,
उचलेल, उजेडाकडे धरेल, कानामागे बघेल.
त्या वेळी मी चहा टाकायला
स्वयंपाकघरात असेन,
हे आत्तापासूनच ठरवून ठेवलंय.